कोकणातल्या उन्हाळ्यांचं पाणी कोण तापवतं?

कातळसडा:

माझं आजोळ तुरळ, तालुका संगमेश्वर. मुंबई-गोवा महामार्गालगतच गरम पाण्याचं कुंड आहे. मे महिन्यात आजी आम्हा पोरांना पहाटे 'उन्हाळ्यावर' न्यायची. आमच्याकडे उन्हाळे म्हणजे ऋतू नव्हे, जमिनीतून येणारं ऊन पाणी. आजी सांगायची, खाली गंधक जळतंय. शाळेत मास्तरांनी सांगितलं, सह्याद्री ज्वालामुखीतून झाला, त्याची धग अजून शिल्लक आहे. ही दोन्ही उत्तरं मी चाळीस वर्षं बाळगली.

गेल्या दिवाळीत लेकीला तिथे घेऊन गेलो. सातवीत आहे. पाण्यात पाय सोडून बसली आणि विचारलं, "बाबा, खाली लाव्हा आहे का?" मी हो म्हणालो. परतताना आंबा घाटात तिनेच पुढचं विचारलं, "मग इतकी वर्षं तो थंड कसा नाही झाला?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तेव्हापासून मिळेल ते वाचतोय, आणि आजीचं, मास्तरांचं, माझं, तिन्ही उत्तरं चूक निघाली. म्हणून हा धागा. मी भूगर्भशास्त्राचा नाही, चुकलो तर जाणकारांनी सांगा.

आधी लाव्ह्याचं. दख्खनचा लाव्हा ओतला गेला साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी. दगडातून उष्णता फार सावकाश सरकते, पण सरकते. शंभर मीटर जाडीच्या दगडातून पार व्हायला तिला तीनेकशे वर्षं लागतात, एक किलोमीटरला तीसेक हजार. जाडी दहापट झाली की वेळ शंभरपट होतो. या हिशेबाने दहा किलोमीटरलाही तीसेक लाख वर्षंच लागतील. आपल्या हातात ६.६ कोटी आहेत. म्हणजे त्या लाव्ह्याची धग केव्हाच आकाशात विरून गेली. सह्याद्रीचा काळा दगड आज फक्त दगड आहे.

मग ७० अंशांचं पाणी येतं कुठून? (कोकणातल्याच उन्हवरे गावच्या झऱ्याचं पाणी साधारण तेवढं गरम आहे.) तर पावसाचंच पाणी भेगांतून दोन-तीन किलोमीटर खाली उतरतं, तिथल्या दगडाने तापतं आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर येतं. पृथ्वीवर जवळपास कुठेही खोल गेलं तरी दर किलोमीटरला २५ ते ३० अंश वाढतात. कोकणात खाली वेगळी भट्टी नाही, वर यायला वाट आहे. हे कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

पण मुलीचा प्रश्न तसाच राहतो, फक्त मोठा होतो. कोकण सोडा, सगळी पृथ्वीच ४५० कोटी वर्षांची आहे. ती थंड का नाही झाली? माझ्या समजुतीप्रमाणे उत्तराचे दोन भाग आहेत. एक, जन्माच्या वेळची उष्णता अजून पूर्ण निघून गेलेली नाही. दोन, दगडातलं युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम आजही उष्णता तयार करत आहेत. दोन्हींचा वाटा साधारण निम्मा-निम्मा. सविस्तर पुढच्या प्रतिसादात लिहीन, तोवर तुमचं येऊ द्या.

मितभाषी:

वाचतोय. पुढचा भाग लवकर टाका.

सावित्रीकाठ:

फार जिव्हाळ्याचा धागा. आमच्या महाडजवळ सवचं उन्हाळं आहे, सावित्रीच्या अगदी काठावर. भावंडांबरोबर किती वेळा गेले असेन.

एक गंमत लक्षात आली का? उन्हेरे, उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, खानदेशातलं उनपदेव, नांदेडकडचं उनकेश्वर. सगळ्या नावांत 'ऊन' आहे. संस्कृत उष्ण, प्राकृतात उण्ह, आपल्याकडे ऊन. आपल्या माणसांनी गाव वसवताना आधी पाण्याला हात लावून पाहिला आणि मग नाव दिलं. नकाशावर 'ऊन' शोधत गेलं तर निम्मे झरे नावावरूनच सापडतील.

वज्रेश्वरीला आजी सांगायची की देवीने मारलेल्या राक्षसांचं रक्त म्हणजे ते गरम पाणी. लहानपणी कुंडात उतरायला भीती वाटायची.

शंकासुर:

धागा आवडला, पण दोन शंका आहेत. पहिली, गंधकाचा वास तर खरंच येतो. मग गंधक जळतंय हे चूक कसं? दुसरी, पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाब असतो. दाबाने वस्तू तापते, सायकलला हवा भरताना पंप गरम होतो तसं. एवढं सोपं कारण असताना युरेनियम कशाला आणायचं?

गारगोटी:

@शंकासुर, दोन्ही शंका माझ्या वर्गात दरवर्षी यायच्या. मी भूशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहे.

जळायला हवा लागते. दोन किलोमीटर खाली दगडाच्या फटीत पेटायला प्राणवायू कुठून येणार? वास गंधकाचा नसून हायड्रोजन सल्फाइड वायूचा आहे. गरम पाणी दगडातून जाताना तिथली गंधकयुक्त खनिजं विरघळवतं आणि त्यातून हा वायू येतो. पाणी गरम आहे म्हणून वास आहे. आपण कार्यकारणाची जोडी उलटी लावली.

आता दाब. पंप गरम होतो तो तुम्ही दट्ट्या *दाबत असताना*. दाबून धरलात आणि तासभर थांबलात तर तो गार होतो, आतला दाब तेवढाच असूनही. नुसता दाब उष्णता तयार करत नाही, दाब वाढवताना केलेलं काम तयार करतं. पृथ्वी घडताना, वस्तुमान एकावर एक रचलं जाताना तसं काम झालं, एकदाच. त्या अर्थाने तुमचा दाब जन्माच्या उष्णतेत थोडा जमा आहे. पण आजचा हिशेब त्यावर भागत नाही.

@कातळसडा, छान मांडलंय. एक दुरुस्ती, किंवा भर म्हणा. "जवळपास कुठेही २५ ते ३०" हे सरासरीने बरोबर आहे, पण जुन्या, थंड झालेल्या भूखंडांत वाढ बरीच कमी असते. कर्नाटकातली कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. तळाशी दगड साठ अंशांच्या पुढे होता. माणसाला काम करणं कठीणच, पण सरासरीच्या हिशेबाने तो शंभरच्या पुढे असायला हवा होता. दख्खनच्या पठाराखालीही असाच जुना दगड आहे. कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी गोठणे गावाजवळ ३ किलोमीटर खोल वेधन केलं, तिथे सुमारे सव्वा किलोमीटर बसाल्ट, म्हणजे लाव्ह्याचा काळा दगड, संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस हा जुना स्फटिकी दगड लागला. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर वेधन झालं, तिथे बसाल्ट ३३८ मीटरच निघाला. सगळा महाराष्ट्र बसाल्टचा वाटतो, पण ती वरची गोधडी आहे. अंथरूण वेगळंच आहे.

मग झरे कोकणातच एका रांगेत का? भारताच्या पश्चिम कडेने भूखंड तुटला, सेशेल्स बाजूला गेलं, आणि किनाऱ्याला समांतर खोल भेगांचा पट्टा राहिला. पाण्याला उतरायला आणि चढायला तो जिना मिळाला. तुमचं "वर यायला वाट आहे" हे वाक्य म्हणूनच मला आवडलं.

बोअरवाला:

माझा बोअर मारायचा धंदा आहे, बालाघाटच्या डोंगराकडे. पुस्तकी माहिती नाही, हाताला जे कळतं ते लिहितो. आठशे फुटांवरचं पाणी पहिल्यांदा वर येतं तेव्हा कोमट लागतं, हे आमच्या गाडीवरच्या प्रत्येक पोराला माहीत आहे. शेतकरी घाबरतात, पाणी खराब आहे का विचारतात. हीच ती पृथ्वीची उष्णता का? आणि हिवाळ्यात पहाटे साध्या तीस फुटी विहिरीचं पाणीही कोमट लागतं, तेही तेच का?

कातळसडा:

@बोअरवाला, भाऊ, तुमचा प्रश्न भारी आहे, कारण दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

आठशे फूट म्हणजे सुमारे २४५ मीटर. ताईंनी सांगितलं तसं आपल्याकडे वाढ सरासरीहून कमी धरली, किलोमीटरला वीसेक अंश, तरी तेवढ्या खोलीवर पाच अंश जास्त व्हायला हवेत. हाताला कळणारं ते हेच. तुम्ही पृथ्वीची उष्णता रोज हातात घेता.

विहिरीचं मात्र काम सूर्याचं. दहा-पंधरा मीटर खाली ऋतू पोचतच नाहीत, तिथे वर्षभर त्या गावच्या हवेच्या सरासरीएवढं तापमान असतं. पहाटे हवा दहा अंशांवर आली की पंचविशीतलं पाणी ऊन लागतं, आणि तेच पाणी मे महिन्यात गार लागतं. पाणी तेच असतं, आपण बदलतो. थंड देशांत घराच्या आवारात नळ्या पुरून घर गरम करणारे पंप बसवतात, त्यांनाही भूऔष्णिक म्हणतात. पण ते मुख्यतः जमिनीत मुरलेली सूर्याचीच उष्णता उचलतात. नावामुळे माझाही आधी गोंधळ झाला होता.

आता राहिलेला भाग लिहितो.

जन्माची उष्णता म्हणजे काय? लहानमोठे गोळे एकमेकांवर आदळत पृथ्वी झाली. आदळणाऱ्या प्रत्येक गोळ्याच्या वेगाची उष्णता झाली. नंतर मंगळाएवढा एक गोळा आदळला आणि त्या राड्यातून चंद्र झाला असं आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. त्या वेळी पृथ्वीचा मोठा भाग वितळला असणार. मग जड लोखंड खाली बसत गेलं, गाभा झाला. इतकं लोखंड हजारो किलोमीटर खाली पडणं हीसुद्धा उष्णताच. आणि एक हप्ता अजून चालू आहे. गाभ्याचा आतला भाग घन आहे, हे इंगे लेहमान या डॅनिश बाईंनी १९३६ मध्ये भूकंपाच्या लहरींवरून दाखवलं. हा घन गोळा बाहेरचं द्रव लोखंड गोठून सावकाश वाढतो आहे, आणि पाणी गोठताना उष्णता सोडतं तसंच लोखंडही सोडतं. केंद्राचं तापमान पाच-सहा हजार अंश, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास.

दुसरा भाग किरणोत्सारी मूलद्रव्यांचा. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं सरायला लागणारा वेळ, ४४७ कोटी वर्षं, जवळजवळ पृथ्वीच्या वयाएवढं. म्हणजे सुरुवातीचं निम्मं अजून शिल्लक आहे. थोरियम-२३२ चं तर १४०० कोटी, त्यातलं फारसं सरलेलंच नाही. पोटॅशियम-४० चं १२५ कोटी, ते मात्र बरंचसं संपत आलं. अणू फुटतो, त्यातून उडालेले कण शेजारच्या दगडात घुसून थांबतात आणि थांबताना त्याला तापवतात. एवढीच यंत्रणा आहे.

आता मला सर्वांत जास्त हलवून गेलेला आकडा. एक घनमीटर ग्रॅनाइट किती उष्णता तयार करतो? सुमारे अडीच मायक्रोवॉट. एका वॉटचा चार लाखावा हिस्सा. एक किलोमीटर लांब, एक रुंद, एक उंच असा अख्खा डोंगर घेतला तर अडीच किलोवॉट. आपल्या न्हाणीघरातला एक गीझर! वजनाच्या मानाने पाहिलं तर झोपलेला माणूस ग्रॅनाइटपेक्षा शंभर कोटी पटींहून जास्त उष्णता देतो. या वेगाने, काहीही बाहेर जाऊ न देता, तो डोंगर एक अंश तापायला २७ हजार वर्षं लागतील.

आणि तरीही पृथ्वी गरम आहे. कारण ती प्रचंड आहे आणि दगडाची रजाई जाड आहे. आत मंद दिवा आहे, पण उष्णतेला बाहेर पडायला कोट्यवधी वर्षं लागतात. पृथ्वीतून मिळून सुमारे ४७ टेरावॉट उष्णता बाहेर पडते. एक टेरावॉट म्हणजे एक लाख कोटी वॉट. आकडा डोळे फिरवणारा आहे, पण दहा बाय दहाच्या खोलीच्या जमिनीतून किती येते? एक वॉटसुद्धा नाही. देवघरातला छोटा एलईडी दिवा जेमतेम लागेल.

गारगोटी:

गीझरची तुलना वाचून आनंद झाला. त्यात एक धागा जोडते. आपण ज्याला गीझर म्हणतो तो शब्द आला आइसलँडच्या 'गेसिर' या झऱ्यावरून. हाउकादालुर खोऱ्यात तो आहे, उसळून उकळतं पाणी फेकणारा. एका झऱ्याचं नाव जगभरच्या उसळत्या झऱ्यांना लागलं आणि आपल्याकडे न्हाणीघरात पोचलं.

आइसलँडची गोष्ट मात्र कोकणापेक्षा वेगळी आहे, हे इथे स्पष्ट करायला हवं. तिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालचा तापलेला प्रावरणाचा, म्हणजे कवच आणि गाभा यांच्या मधल्या थराचा, दगड वर येतो. उष्णता मूळची तीच, निम्मी जुनी, निम्मी किरणोत्साराची. पण दगडातून झिरपत येण्याऐवजी ती दगडाच्या पाठीवर बसून येते. २००९ मध्ये क्राफ्ला इथे वेधन करताना अवघ्या २.१ किलोमीटरवर थेट शिलारस लागला. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवले, केनियात ओल्कारियाला खचदरीत वीज करतात. सगळीकडे उष्णता वर आणणारं वाहन आहे. आपल्याकडे लडाखमध्ये पुगा खोऱ्यात तसं थोडंफार आहे. ४४०० मीटर उंचीवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि तिथले काही झरे जवळपास त्या टोकाला पोचतात. हिमालयात कवचाची जाडी दुप्पट झाली, म्हणजे किरणोत्सारी दगडाची रजाईही दुप्पट.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करते. युरेनियम जड, म्हणून ते केंद्रात बुडालं असेल असं अनेकांना वाटतं. उलट आहे. युरेनियम आणि थोरियम लोखंडाशी जमवून घेत नाहीत, ऑक्सिजनशी घेतात. प्रावरण वितळताना ते द्रवात शिरतात आणि द्रवाबरोबर वर येतात. त्यामुळे भूखंडांचं कवच पृथ्वीच्या वस्तुमानाच्या एक टक्क्याहूनही कमी असूनही, किरणोत्सारी उष्णतेचा साधारण एक तृतीयांश वाटा त्याच्याकडे आहे. चुलीची निखारं तळात नाहीत, वरच्या राखेत बरीच आहेत.

शंकासुर:

पंपाचं पटलं ताई, मनापासून आभार. पण अजून एक विचारतो, कारण हे खरंच समजून घ्यायचंय. "निम्मं किरणोत्साराचं" हे मोजलं कसं? दोनशे-चारशे किलोमीटर खाली कोण जाऊन आलं? सर्वांत खोल भोक किती?

अर्धविराम:

@शंकासुर, रशियातलं कोला, १२,२६२ मीटर. तळाशी १८० अंश निघाले, अपेक्षा शंभरेकची होती. त्याखाली कुणी गेलेलं नाही.

पण निरोप येतात. अणू फुटताना प्रतिन्यूट्रिनो नावाचे कण निघतात, ते अख्खी पृथ्वी न अडता पार करतात. जपानमध्ये कामिओका खाणीत कॅमलँड नावाचं उपकरण आहे, हजार टन द्रवाचा गोळा. तिथे २००५ मध्ये पृथ्वीच्या पोटातून आलेले असे कण प्रथम ओळखले गेले. नंतर इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली बोरेक्सिनोनेही पकडले. २०११ मध्ये कॅमलँडने हिशेब मांडला की युरेनियम आणि थोरियम मिळून सुमारे २० टेरावॉट देतात. पोटॅशियमचे कण ऊर्जेने इतके दुबळे की या पद्धतीने दिसतच नाहीत, त्याचा वाटा दगडांच्या रसायनावरून धरावा लागतो. मिळून एकूण उष्णतेच्या निम्म्याच्या आसपास जातं. खालीवर व्हायला बरीच जागा आहे, पण 'शून्य' आणि 'सगळी' ही दोन्ही टोकं बाद झाली.

भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून या विषयातली मला सर्वांत प्रिय गोष्ट सांगतो. केल्विन या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १८६२ मध्ये कातळसडांच्या मुलीचाच प्रश्न उलटा विचारला होता. खाणीत खोल जाताना तापमान किती वाढतं हे त्याला माहीत होतं. पृथ्वी वितळलेली होती आणि फक्त थंड होत गेली असं धरलं, तर आजची वाढ दिसायला किती वर्षं लागतील? उत्तर आलं, दोन ते चाळीस कोटी. पुढे १८९७ मध्ये त्याने ते दोन ते चार कोटींवर आणलं. भूशास्त्रज्ञ आणि डार्विनचे अनुयायी हवालदिल झाले, त्यांना याहून खूप जास्त वेळ हवा होता. पण केल्विनचं गणित बिनचूक होतं.

पुस्तकांत पुढे सांगतात की १९०३ मध्ये प्येर क्युरी आणि लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता देतं हे दाखवलं, १९०४ मध्ये रदरफोर्डने केल्विन समोर बसलेला असताना त्यावर व्याख्यान दिलं, आणि केल्विनचं कोडं सुटलं. मीही वर्षानुवर्षं असंच शिकवलं. ते अर्धंच खरं आहे. केल्विनच्या गणितात नुसती किरणोत्सारी उष्णता घातली तर उत्तर फारसं बदलत नाही, कारण त्याच्या पृथ्वीत फक्त वरचा शंभरेक किलोमीटरचा थर थंड झालेला असतो. खरी चूक दुसरीकडे होती. त्याने पृथ्वी आतून ताठ दगड मानली. जॉन पेरी, केल्विनचाच जुना साहाय्यक, याने १८९५ मध्ये लिहिलं की आतला भाग सावकाश वाहत असेल तर खालची उष्णता वर येत राहील, पृष्ठभागाजवळची वाढ टिकून राहील आणि वय दोनशे-तीनशे कोटींपर्यंत जाऊ शकेल. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. प्रावरण घन असूनही वाहतं हे मान्य व्हायला पुढे अर्ध्या शतकाहून जास्त काळ लागला.

शिष्याने आदराने आणि स्पष्टपणे गुरूची चूक दाखवली आणि तो बरोबर होता. वर्गात हे सांगताना मला आजही भरून येतं.

सावित्रीकाठ:

वाचनखूण साठवली. @अर्धविराम सर, पेरींबद्दल पहिल्यांदाच ऐकलं.

रेडरूथकर:

उशिरा येतोय. मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये राहतो. कातळसडांचा अडीच मायक्रोवॉटचा डोंगर माझ्या घराखाली आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

इथला ग्रॅनाइट जवळजवळ २९ कोटी वर्षांचा. शिलारस म्हणून तो कधीच थंड झाला, तुमच्या दख्खनपेक्षाही कितीतरी आधी. पण त्यात युरेनियम, थोरियम नेहमीपेक्षा जास्त आहे. त्यामुळे इथल्या जमिनीतून येणारी उष्णता ब्रिटनच्या सरासरीच्या दुप्पट भरते. घराजवळच युनायटेड डाउन्स इथे २०१८-१९ मध्ये दोन विहिरी खणल्या, त्यातली खोल ५,२७५ मीटर. तळाशी १८० अंशांच्या पुढे. ज्वालामुखी नाही, भूपट्टांची कड नाही, शेजारी गाई चरतात.

किरणोत्सार इथे पुस्तकात राहत नाही. युरेनियम क्षय होत जाताना मध्ये रेडॉन वायू होतो, तो जमिनीतून घरात येतो. घर घेताना आम्हाला त्याची तपासणी करावी लागली. तीन महिने दोन लहान डब्या घरात ठेवायच्या, मग परत पाठवायच्या. आईला फोनवर सांगितलं तर तिला काळजी वाटली. मी म्हटलं, "आई, ही घराखालची चूल आहे, तिचा धूर मोजतायत." आमची पातळी कमी निघाली. ज्यांची जास्त निघते ते फरशीखाली खड्डा करून पंख्याने हवा बाहेर काढतात.

गारगोटी:

@रेडरूथकर, फार मोलाचा प्रतिसाद. 'चुलीचा धूर' अगदी योग्य. आपल्याकडेही असा धूर पकडलेला आहे. बंगालमध्ये बक्रेश्वरच्या गरम कुंडांतून बुडबुडे येतात, त्यात हेलियम आहे. आपल्या शास्त्रज्ञांनी तो गोळा करून शुद्ध करण्याचं काम तिथे केलं. युरेनियम किंवा थोरियम फुटताना जो अल्फा कण निघतो, तो थांबला आणि त्याने दोन इलेक्ट्रॉन घेतले की त्याचाच हेलियमचा अणू होतो. कुंडातला बुडबुडा म्हणजे खाली फुटलेल्या अणूंची पोचपावती.

बोअरवाला:

सगळं दोनदा वाचलं. आता धंद्याचा प्रश्न. ही उष्णता फुकट आहे आणि संपत नाही, मग आपण काढत का नाही? माझ्या गाडीने हजार फूट जातं, दहा हजार फुटांची गाडी आणली तर?

कातळसडा:

भाऊ, "संपत नाही" हे पृथ्वीपुरतं खरं आहे, तुमच्या भोकापुरतं नाही. हे मला गणित केल्यावरच कळलं.

तोच एक घनकिलोमीटरचा डोंगर घ्या. त्याला एक अंश थंड केलं तर सुमारे ६० कोटी युनिट उष्णता मिळते. आणि तो स्वतः वर्षाला किती तयार करतो? अडीच किलोवॉटने बावीसेक हजार युनिट. साठा अफाट, भरणा थेंबथेंब. म्हणजे भूऔष्णिक केंद्र चालू उत्पन्नावर जगत नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची साठवण खर्च करतं. आजूबाजूच्या दगडातून उष्णता येऊन ती जागा पुन्हा तापते, पण सावकाश. कॅलिफोर्नियात 'द गीझर्स' नावाचं जगातलं सर्वांत मोठं क्षेत्र आहे. तिथे १९८० च्या दशकाच्या शेवटी वाफेचा दाब घसरला, कारण पाणी भरून येण्याआधीच वाफ काढली जात होती. मग शेजारच्या गावांचं सांडपाणी नळाने आणून खाली सोडायला लागले. तिथे उष्णता होती, पाणी संपलं होतं.

म्हणून नुसतं खोल भोक पुरत नाही. आत पाणी फिरायला भेगा हव्यात, नाहीतर उष्णता दगडातच अडकून राहते. आणि ७०-८० अंशांच्या पाण्यावर वीज करणं शक्य असलं तरी फार थोडी मिळते. मला वाटतं कोकणात या पाण्याचा सरळ उपयोग जास्त शहाणपणाचा, काजू-आमसुलं वाळवायला, मासळी सुकवायला. ऐन पावसाळ्यात जिथे काहीच वाळत नाही तिथे बारमाही ऊन आहे! हे माझं मत, जाणकारांनी खोडावं.

सावित्रीकाठ:

आमसुलांचं फार आवडलं. जून लवकर आला की आमच्याकडे निम्मी सोलं बुरशीने जातात.

गारगोटी:

खोडत नाही, पुस्ती जोडते. कुंडातून थेट पाणी उचलू नका. तिथे देवस्थानं आहेत, लोक अंघोळीला येतात, आणि बोअर शेजारी मारला तर झरा आटू शकतो. पाण्याची उष्णता धातूच्या नळीतून घ्यायची आणि पाणी कुंडात सोडायचं.

@कातळसडा, लेकीला एक काम द्या. तुरळच्या कुंडाचं तापमान मे महिन्यात आणि डिसेंबरात, पहाटे, पाणी जिथून निघतं तिथेच मोजायचं. शेजारच्या विहिरीचंही. आणि दोन्ही वेळा हवेचं.

कातळसडा:

ताई, तिला तुमचा निरोप वाचून दाखवला. तिने वही काढली आणि चार रकाने आखले: तारीख, हवा, विहीर, उन्हाळं. शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणणार आहे. तुरळला मामी आहेत, त्या दर पौर्णिमेला मोजायला तयार झाल्या. पहिली नोंद या पौर्णिमेची. इथेच टाकतो.